जावा आवृत्तीभेद आणि बिल्डमधील बिघाड

जावा भाषेतील एखादा प्रकल्प ज्या जेडीकेवर (जावाचे प्रोग्रॅम बनवण्याच्या व चालवण्याच्या साधनांच्या संचावर) लिहिला गेला त्याहून वेगळ्या आवृत्तीच्या जेडीकेवर बिल्ड करताना (स्रोतापासून चालवण्याजोगा प्रोग्रॅम बनवताना) किंवा चालवताना येणाऱ्या अडचणी, आणि त्या शोधण्याच्या व दुरुस्त करण्याच्या पद्धती. मार्च २०१४ मध्ये आलेली जावा ८ कित्येक वर्षे बहुतेक ठिकाणी टिकून होती. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आली आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. ८, ११, १७ आणि २१ या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या एकाच कार्यालयात, अनेकदा एकाच संगणकावर, शेजारी नांदू लागल्या. तेव्हापासून हा बिघाड रोजचा झाला.

‘आवृत्ती’ या एकाच शब्दाखाली येथे तीन गोष्टी येतात : स्रोत कोणत्या भाषानियमांनी वाचायचा, स्रोतापासून तयार होणारी क्लास फाइल (जावा प्रत्यक्षात जी चालवते ती) कोणत्या स्वरूपात लिहायची, आणि कोणत्या काळातील प्रमाण लायब्ररी (जावाबरोबरच येणारे तयार वर्ग) गृहीत धरायची. बिघाड यांपैकी कशात आहे ते आधी ठरवावे. ते न करता संगणकावरचा जेडीके बदलत बसल्यास एक प्रकल्प चालू होतो आणि दुसरा बंद पडतो.

क्लास फाइलचे स्वरूप ओळखणे सर्वांत सोपे, कारण ते फाइलमध्येच लिहिलेले असते. पहिल्या चार बाइटांत ठरलेली ओळखखूण असते, पुढच्या दोनांत गौण आणि त्यापुढच्या दोनांत मुख्य आवृत्ती क्रमांक. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की हा मुख्य क्रमांक मिळतो. त्यामुळे जावा ८ चा क्रमांक ५२, ११ चा ५५, १७ चा ६१ आणि २१ चा ६५. ‘फाइल ६१ ची आहे, मी ५५ पर्यंतच वाचतो’ अशा अर्थाचा संदेश आला, तर १७ साठी बनवलेला कोड ११ वर चालवला जात आहे हे तेवढ्यावरून कळते. हा संदेश पूर्ण वाचावा, निदान त्यातच असते. एखाद्या लायब्ररीच्या जार फाइलबद्दल (क्लास फाइलींच्या गठ्ठ्याबद्दल) शंका असेल, तर जावापी हे जेडीकेतील साधन सविस्तर पर्यायासह चालवून तिच्यातील क्लासचा क्रमांक पाहता येतो. लायब्ररीच नव्या जावासाठी बनलेली असेल तर दोनच मार्ग उरतात : आपली जावा वाढवणे किंवा लायब्ररीची जुनी आवृत्ती घेणे.

लायब्ररीच्या काळाचा घोटाळा अधिक फसवा असतो, कारण बिल्ड बिनतक्रार पूर्ण होतो. बाइटबफर या वर्गातील फ्लिप ही मेथड याचे प्रसिद्ध उदाहरण. जावा ८ मध्ये हा वर्ग ती मेथड आपल्या पालकवर्गाकडून, म्हणजे बफरकडून, घेत असे आणि ती बफर परत देत असे. जावा ९ पासून बाइटबफरची स्वतःची फ्लिप आली आणि ती बाइटबफर परत देते. लिहिलेल्या कोडमध्ये काहीच फरक दिसत नाही. पण क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावाबरोबर परतीचा प्रकारही नोंदला जातो. म्हणून जेडीके ११ वर, सोर्स व टार्गेट दोन्ही ८ ठेवून बनवलेला प्रोग्रॅम जावा ८ वर सुरू होतो आणि फ्लिपपाशी येताच ‘अशी मेथड नाही’ म्हणून थांबतो. सोर्स आणि टार्गेट हे पर्याय भाषा आणि फाइलचे स्वरूप जुने ठेवतात, लायब्ररी मात्र नवीच वापरतात.

यावर जावा ९ मध्ये जावासी कंपायलरला ‘रिलीज’ हा पर्याय मिळाला. जुन्या आवृत्त्यांच्या सार्वजनिक लायब्ररीची नोंद जेडीके आपल्याबरोबर बाळगतो आणि रिलीज ८ म्हटले की कंपायलर तीच नोंद वापरून तपासतो. तिन्ही गोष्टी एका आकड्याने बांधल्या जातात. मेव्हन या बिल्डच्या साधनाच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मांडणीच्या फाइलमध्ये, आजही सोर्स-टार्गेटची जोडगोळी सर्रास दिसते. तिच्या जागी रिलीज लिहिणे हा या नोंदीतील सर्वांत उपयोगी बदल आहे. याची मर्यादा एवढीच की फार मागे जाता येत नाही : जेडीके १२ ने जावा ६ साठीचा आणि जेडीके २० ने जावा ७ साठीचा बिल्ड बंद केला.

काही गोष्टी जेडीकेतून काढूनच टाकल्या गेल्या. एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट जोडणारी जॅक्सबी, तसेच वेगवेगळ्या संगणकांवरील प्रोग्रॅम जोडणारी कोर्बा, जावा ११ मध्ये वगळण्यात आल्या. जॅक्सबी आता इतर लायब्ररींसारखी डिपेंडन्सी म्हणून जोडावी लागते. जावा १६ पासून जेडीकेच्या अंतर्गत वर्गांत डोकावणेही मुळात बंद झाले आणि ठरावीक कोड आपोआप भरणाऱ्या लोम्बोक या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या त्यात अडकल्या. ॲड-ओपन्ससारखे पर्याय देऊन दार उघडता येते, पण लायब्ररी अद्ययावत करणे हाच टिकाऊ उपाय.

बिल्डचे साधन स्वतः जावावर चालते, हेही अनेकदा विसरले जाते. ग्रेडल हे मेव्हनसारखेच साधन जावा १७ वर ७.३ पासून आणि जावा २१ वर ८.५ पासून चालते. प्रकल्पाचा कोड निर्दोष असला तरी जुने ग्रेडल नव्या जेडीकेवर सुरूच होत नाही आणि ६१ किंवा ६५ क्रमांकाची तक्रार करते. टर्मिनलमधली जावा, जावा-होम या संगणकावरील सेटिंगमधली जावा आणि संपादकाने निवडलेली जावा या तीन वेगवेगळ्या असू शकतात. मेव्हनला किंवा ग्रेडलला त्याची आवृत्ती विचारली की ते आपण कोणत्या जावावर चालत आहोत तेही सांगते. दोघांतही ‘टूलचेन’ची सोय आहे : साधन एका जावावर चालते आणि कोड प्रकल्पात नोंदलेल्या दुसऱ्या जावाने कंपाइल होतो.

कोडमध्ये देवनागरी मजकूर लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते. जावा १७ पर्यंत जावासी स्रोत फाइल संगणकाच्या नेहमीच्या एन्कोडिंगने (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने) वाचत असे. विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. त्यांतले काही बाइट विंडोज-१२५२ मध्ये मोकळे आहेत, म्हणजे त्यांना कोणतेही अक्षर नेमलेले नाही. हलन्त, ऱ्हस्व उकार, झ, ए आणि ऐ यांच्या शेवटी तेच येतात. म्हणून ‘पुणे’ असलेल्या ओळीवर कंपायलर तक्रार करतो, तर ‘नगर’ असलेली ओळ मुकाट्याने निरर्थक अक्षरांत बदलते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ गृहीतक झाले. तरीही एकाच गटात कोणी १७ वर, कोणी २१ वर काम करत असते, आणि तोच स्रोत दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचला जातो. बिल्डच्या फाइलमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहिले की हा फरक उरत नाही.