वुहानमधील पंक संगीत

मध्य चीनमधील हूबे प्रांताची राजधानी असलेल्या वुहान शहरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुजलेला भूमिगत रॉक संगीताचा प्रवाह. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावरील वूचांग, हानखौ व हानयांग ही तीन जुनी शहरे मिळून वुहान बनले आहे. पोलादाचे कारखाने आणि दहा लाखांहून अधिक विद्यार्थी अशा या औद्योगिक शहराला उच्चभ्रू संगीतापेक्षा पंक या वेगवान, साध्या व बंडखोर रॉकचा रोखठोकपणा जवळचा वाटला, यात नवल नाही.

त्या काळी पाश्चात्त्य रॉक अधिकृत दुकानांत क्वचितच मिळे. विकल्या न गेलेल्या सीडी आणि कॅसेटी, पुन्हा विकता येऊ नयेत म्हणून करवतीने खाच पाडून, परदेशांतून प्लॅस्टिकचे भंगार म्हणून चीनमध्ये येत व तेथून चोरट्या बाजारात पोहोचत. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जात असल्याने, कडेला खाच पडली तरी बहुधा शेवटची गाणीच निकामी होत आणि उरलेली ऐकता येत. तरुणांच्या एका पिढीचे संगीतशिक्षण या भंगारावर झाले.

१९९६ मध्ये ‘एसएमझेडबी’ (‘जीवनाची भाकरी’ या अर्थाच्या चिनी नावाची आद्याक्षरे) हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याचा गायक वू वेई याने बीजिंगच्या मिडी संगीतविद्यालयात शिक्षण घेतले होते. मात्र राजधानीत बस्तान बसवण्याऐवजी त्याने वुहान या आपल्या गावातूनच गाणे पसंत केले. या प्रवाहाला स्वतंत्र चेहरा मिळाला तो मुख्यतः या निवडीमुळे. शहराचा अभिमान आणि व्यवस्थेवरचा राग एकाच गाण्यात मांडणाऱ्या या वाद्यवृंदाने पुढे आयरिश लोकसंगीतातील बासरीचाही वापर केला. त्याचा एकेकाळचा ढोलवादक चू निंग याने काढलेले ‘व्हॉक्स’ हे सादरीकरणगृह शहरातील नव्या वादकांचे हक्काचे व्यासपीठ ठरले.

चीनमध्ये जाहीर कार्यक्रमासाठी गीतांचे शब्द आधी सांस्कृतिक खात्याकडे मंजुरीला द्यावे लागतात. त्यामुळे राजकीय आशयाची गाणी मोठ्या मंचापेक्षा लहान मद्यगृहांत आणि परदेश दौऱ्यांवर अधिक मोकळेपणाने गायली गेली. नंतरच्या पिढीतील ‘एव्ही ओकुबो’ (स्थापना २००६) या वाद्यवृंदाने पंकमध्ये इलेक्ट्रॉनिक कळफलकाचे सूर मिसळले, तर ‘चायनीज फुटबॉल’ (स्थापना २०११) हा वाद्यवृंद हळव्या, गुंतागुंतीच्या गिटारवादनाकडे वळला. त्याला पंक म्हणणे काहीसे ओढूनताणूनच होईल.