ऑडिओ जॅक, लॅपटॉपमधील

हेडफोन किंवा मायक्रोफोन जोडण्यासाठी लॅपटॉपच्या कडेला असलेली ३.५ मिमी. व्यासाची खोबण. काटेकोरपणे पाहता खोबण म्हणजे जॅक आणि तीत शिरणारा दांडा म्हणजे प्लग. बोलीत प्लगला ‘पिन’ म्हणतात आणि ‘जॅक’ हा शब्द दोहोंसाठी चालतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या खोबण्यांची आतली जोडणी निरनिराळी असते, त्यामुळे व्यास जुळला म्हणजे प्रकार जुळला, असे होत नाही.

‘जॅक’ या नावाची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. चार्ल्स स्क्रिब्नर यांनी १८७८ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडणी-फळ्यासाठी (स्विचबोर्डसाठी) एक स्प्रिंगची कळ योजिली. एरवी एका स्पर्शकाला टेकलेली तिची पट्टी प्लग आत शिरताच बाजूला ढकलली जाई आणि मूळ जोडणी तुटे. ही रचना मिटणाऱ्या चाकूसारखी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जॅक-नाइफ’सारखी दिसे, त्यावरून नाव पडले, असे सांगतात. उलटपक्षी, हरकाम्या अवजारांना ‘जॅक’ म्हणण्याची रीत इंग्रजीत त्याआधीपासून होती, याकडेही लक्ष वेधले जाते. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण प्लग घालताच जुनी जोडणी तोडणारी ती पट्टी आजच्या जॅकमध्येही टिकून आहे; हेडफोन लावल्यावर लॅपटॉपचे स्पीकर बंद होतात ते मूलतः याच तत्त्वावर.

एक्स्चेंजमधील प्लग ६.३५ मिमी. जाडीचा होता. ३.५ मिमी.चा प्लग साधारणतः १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओच्या एककर्णी इअरफोनसाठी आला आणि त्याचे स्टिरिओ रूप १९७९ च्या सोनी वॉकमननंतर सर्वदूर पोचले. त्याला ‘१/८ इंची’ म्हणण्याचा प्रघात चुकीचा आहे. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी.

प्लगचा प्रकार त्यावरील काळ्या पट्ट्या मोजून ओळखता येतो. दोन पट्ट्या असल्यास तीन ध्रुव, म्हणजे परस्परांपासून अलग असे तीन विद्युत्-स्पर्शक : टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, बुंध्याला ग्राउंड, म्हणजे विजेच्या परतीचा सामाईक मार्ग. तीन पट्ट्या असल्यास मायक्रोफोनसह चार ध्रुव. या चार ध्रुवांच्या क्रमात दोन पद्धती आहेत; त्यांना मोबाइल क्षेत्रातील संघटनांची नावे आहेत. सीटीआयए पद्धतीत दुसरे कडे ग्राउंडचे व बुंधा मायक्रोफोनचा असतो. ओएमटीपी पद्धतीत, जी जुन्या नोकिया फोनांत आढळते, याच्या उलट. दोहोंची गल्लत झाली की दोन्ही कानांचा सामाईक परतीचा मार्ग मायक्रोफोनमधून जातो. परिणामी दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज, विशेषतः गायकाचा, जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्ये तेवढी पोकळ ऐकू येतात. हेडसेटवरील बटण दाबून धरताच आवाज पूर्ववत झाला, तर दोष क्रमाचाच समजावा.

साधारणतः २०१० पर्यंतच्या लॅपटॉपांत हेडफोन व मायक्रोफोनचे जॅक स्वतंत्र असत. मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ मार्गदर्शिकेने मायक्रोफोनला गुलाबी व हेडफोनला पोपटी रंग नेमून दिला होता. लॅपटॉपांवर मात्र पुष्कळदा रंगाऐवजी केवळ कोरीव चिन्हे असतात. हेडफोन व माइक असे जोडचिन्ह दिसल्यास जॅक एकत्रित, चार ध्रुवांचा मानावा. संगणकी मायक्रोफोनच्या जॅकमध्ये मधल्या कड्यावर मायक्रोफोनसाठी काही व्होल्टचा पुरवठा असतो, म्हणून तेथे हेडफोन लावून उपयोग नाही. चार ध्रुवांचा हेडसेट दोन जॅकांच्या लॅपटॉपला जोडण्यासाठी एक खोबण व दोन प्लग असलेला दुभाजक लागतो. एक प्लग व दोन खोबणींचा दुभाजक दिसायला त्याचा भाऊच, पण काम नेमके उलट.

ॲपलच्या २०१६ पूर्वीच्या अनेक मॅकबुक प्रो संगणकांत याच खोबणीतून प्रकाशीय ध्वनिसंकेतही निघतो. हेडफोन काढल्यावरही आत तांबडा प्रकाश दिसत राहिला, तर प्लग ओळखणारी आतली कळ अडकलेली असण्याचा संभव असतो.

नादुरुस्त जॅक बदलताना त्याच्या पायांची, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोकांची, संख्या फसवी ठरते, कारण ध्रुवांखेरीज काही पाय कळीचे असतात. सहा पायांचा जॅक तीन ध्रुवांचाही असू शकतो. म्हणून मल्टिमीटर (विद्युत्-जोडणी तपासण्याचे उपकरण) लावून, प्लग घालून व काढून, कोणते पाय जुळतात आणि कोणते तुटतात हे पाहावे लागते. कळ उलट प्रकारची बसली, तर काही न जोडताही संगणक हेडफोन लागल्याचे समजतो व स्पीकर मुके राहतात. त्याशिवाय पाय पाटीच्या (सर्किट बोर्डच्या) भोकांतून जाणारे की पृष्ठावर डाखले जाणारे, त्यांच्यातील अंतर, जॅकची उंची आणि कवचातून बाहेर येणाऱ्या गळ्याची लांबी जुळावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात जाताना जुना जॅकच नमुना म्हणून सोबत नेणे सोयीचे; कित्येक लॅपटॉपांत तो मुख्य पाटीवर नसून वेगळ्या छोट्या पाटीवर असतो आणि तेव्हा ती पाटीच बदलता येते.