प्रॉमची थीम : निवड आणि आखणी

अमेरिकेतील हायस्कुलांत शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस होणारा औपचारिक नृत्यसमारंभ म्हणजे प्रॉम. त्या समारंभाला दिलेले नाव आणि त्या नावाला धरून आखलेली सजावट, रोषणाई, तिकिटे, फोटोची पार्श्वभूमी व आठवण म्हणून वाटायच्या वस्तू या सगळ्याला मिळून प्रॉमची थीम म्हणतात. ‘समुद्रतळी’, ‘पॅरिसमधील एक रात्र’, ‘मंतरलेले वन’, ‘तारांकित रात्र’, ‘मुखवट्यांचा मेळा’ ही नावे दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शाळेत पुन्हा निघतात.

थीम सहसा पोशाख ठरवत नाही. ती सभागृहाची असते, माणसांची नव्हे. मुली लांब गाऊन घालतात, मुलगे टक्सिडो किंवा सूट, मग थीम समुद्राची असो की जंगलाची. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात पहिल्या मुलाचा प्रॉम असला की ‘१९२० चे दशक’ हे शब्द वाचून फॅन्सी ड्रेसची तयारी सुरू होण्याचा धोका असतो. शाळेच्या पत्रकात पोशाखाची ओळ वेगळी असते, ती पाहावी.

पार्श्वभूमी

‘प्रॉम’ हे ‘प्रॉमनेड’चे (पाहुण्यांनी मिरवत चालत येणे) लघुरूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही चाल पूर्व अमेरिकेतील महाविद्यालयांत होती. ॲमहर्स्ट कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने १८९४ मध्ये स्मिथ कॉलेजच्या प्रॉमचा उल्लेख आपल्या रोजनिशीत केला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती हायस्कुलांत उतरली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शाळेच्या जिममधून (बंदिस्त क्रीडागृहातून) हॉटेले व क्लबांकडेही वळली. अनेक शाळांत अकरावीचा वर्ग (ज्युनियर) यजमान आणि बारावीचा (सीनियर) पाहुणा असा जुना रिवाज आहे. पैसे उभे करणे, थीम ठरवणे, सजावट करणे हे सगळे ज्युनियरांच्या गळ्यात. ३१ मे १९७५ रोजी मेरीलंडमधील होल्टन-आर्म्स शाळेचा प्रॉम व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झाला, कारण राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मुलगी सुझन त्या वर्गात होती. भिंती झाकायची गरज नसलेले सभागृह इतर शाळांच्या वाट्याला क्वचितच येते, आणि थीमचा सगळा खटाटोप मुळात तिथूनच सुरू होतो.

वेळापत्रक

प्रॉम साधारण एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या एखाद्या शुक्रवारी किंवा शनिवारी असतो. हॉटेल वा बँक्वेट हॉल हवा असेल तर तो वर्षभर आधी धरावा लागतो. तारीख ठरवताना मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतील एपी परीक्षा (हायस्कुलात घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या), ईस्टर, ज्यूंचा पासओव्हर आणि या काळात येत असेल त्या वर्षी सरकत जाणारा रमजान पाहावा. रमजानात संध्याकाळी सातला जेवण वाढले तर रोजा असलेल्या मुलांना सूर्यास्तापर्यंत ताटासमोर नुसते बसावे लागते.

क्रम असा ठेवावा : आधी जागा, मग एकूण रक्कम, मग थीम. बहुतेक फसलेल्या आखण्यांत हा क्रम उलटा असतो. थीम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरली तर जानेवारीत मागण्या नोंदवता येतात. नाव-तारीख कोरलेले पेले, किल्लीच्या साखळ्या, फोटोफ्रेम अशा वस्तूंना चार ते सहा आठवडे धरावेत. छपाईचा नमुना दोघांनी स्वतंत्रपणे, अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचून तपासावा. वर्ष चुकलेले ३०० पेले कोणी परत घेत नाही.

नाव निवडणे

सूचना सगळ्या वर्गाकडून घ्याव्यात, पण मतदानाला चार-पाचच नावे ठेवावीत. ती यादी मुख्याध्यापकांनी आणि वर्गाच्या सल्लागार शिक्षकांनी मतदानाआधी तपासलेली असावी. मते पडल्यावर नाव रद्द झाले की मुलांना ती फसवणूक वाटते, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नसते. पाच नावांत मते विभागली की पाव वर्गाच्या पसंतीचेही नाव पहिले येऊ शकते. म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी घ्यावी. मागच्या चार वर्षांच्या थीम यादीतून काढून टाकाव्यात.

नाव दोन ते पाच शब्दांचे बरे. ते तिकिटावर, कमानीवर आणि पेल्यावर बसले पाहिजे. आद्याक्षरे जोडून वाईट शब्द तर होत नाही ना, हेही पाहावे; ही तपासणी शिक्षकांपेक्षा सोळा वर्षांची मुले जास्त चोख करतात. चित्रपट-कंपन्यांची पात्रे आणि बोधचिन्हे विकायच्या वस्तूंवर परवानगीशिवाय वापरू नयेत. छापणाराही नकार देऊ शकतो.

वादाचा भाग वेगळा. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांचे ‘जुने वैभव’ मिरवणारी थीम म्हणजे गुलामगिरीच्या काळाची सजावट, हे ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांत राबले त्यांना सांगावे लागत नाही. ‘अरबी रात्री’, ‘इजिप्त’, ‘बॉलीवूड’ या थीममध्ये धोका असतो तो एका समाजाचा वेष करून टाकण्याचा. देवादिकांची चित्रे पायपुसण्यावर किंवा कागदी रुमालावर आली की भारतीय पालकांचा फोन येणारच. साधी कसोटी अशी की त्या समाजाचा मुलगा किंवा मुलगी दारातून आत येईल तेव्हा तिला आपले घर दिसेल की आपले सोंग?

पैशांचे गणित

उदाहरण म्हणून ३०० विद्यार्थी आणि ६५ डॉलरचे तिकीट धरू : जमा १९,५०० डॉलर. हॉटेलने जेवणाचा दर माणशी ४५ डॉलर सांगितला. त्यावर २२ टक्के सेवाशुल्क चढले की तो ५४.९० होतो, ३०० जणांचे १६,४७०. उरले ३,०३०. देखरेखीला येणारे २० शिक्षक-पालकही जेवतात, ते १,०९८. डीजेचे १,२०० वजा केले की हाती राहतात ७३२ डॉलर, आणि एवढ्यात थीम उभी करायची असते. शाळेला विक्रीकर माफ असेल तर त्याचा दाखला हॉटेलला आधीच द्यावा, नाहीतर हेही उरत नाहीत. म्हणून ज्युनियर वर्ग वर्षभर गाड्या धुणे, केक विकणे, सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थांचा ठेला चालवणे हे उद्योग करतो. फोटोग्राफर बहुधा फुकट येतो. त्याची कमाई फोटो विकण्यात असते.

जागा आणि माणसे

जिममध्ये प्रॉम करायचा तर भाडे वाचते, पण भिंती वाढतात. हायस्कूलचे बास्केटबॉल मैदान ८४ फूट × ५० फूट, म्हणजे ४,२०० चौ. फूट. अग्निसुरक्षेच्या प्रचलित संहितांनुसार टेबल-खुर्च्या मांडल्यास माणशी १५ चौ. फूट निव्वळ जागा धरतात, तर टेबलांशिवाय दाटीच्या जागेत ७. त्या हिशेबाने एवढ्या जागेत टेबलांसह २८०, टेबलांशिवाय ६००. प्रत्यक्षात किती माणसे चालतील ते बाहेर पडायच्या दारांवरही अवलंबून असते. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला आकडाच शेवटचा.

६० इंच व्यासाच्या गोल टेबलाशी आठ जण बसतात. टेबलाची उंची ३० इंच असल्याने जमिनीपर्यंत लोळणारे कापड १२० इंचांचे लागते. १०८ इंचांचे घेतले तर पाय दिसतात आणि स्वस्त टेबल उघडे पडते.

आता भिंती. जिमची बाहेरची मापे १०० × ७५ फूट धरली तर घेर ३५० फूट. दहा फूट उंचीपर्यंत कापड लावायचे म्हटले तर ३,५०० चौ. फूट, आणि चुण्या पडाव्यात म्हणून त्याच्या दीडपट ते दुप्पट. एवढे कापड परवडत नाही, आणि टांगायला वेळही नसतो. शहाणपण खोली लहान करण्यात आहे : खांब-पडद्यांनी मैदानाचा एक भाग तोडून घ्यावा, बाकीचा अंधारात सोडावा. लोकांना अंधार दिसत नाही. अर्धवट झाकलेला गुणफलक दिसतो.

उजेड

थीम वस्तूंपेक्षा उजेडाने उभी राहते, हे या कामात मुरलेले लोक पहिल्याच बैठकीत सांगतात. भिंतीच्या पायथ्याशी दर ८ ते १० फुटांवर वर तोंड केलेला एलईडी दिवा ठेवला की साधी भिंतही रंगते. मात्र गडद निळा किंवा हिरवा उजेड चेहऱ्यावर पडला की सगळी मंडळी आजारी दिसतात, सावळे चेहरे तर फोटोत हरवून जातात. रंग भिंतींवर ठेवावा. टेबलांवर आणि फोटोच्या जागी उबदार पांढरा.

जिममध्ये जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ते एकदा विझवले की गार होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटे घेतात. कोणी ‘बघू तरी कसे दिसते’ म्हणून बटण दाबले तर तेवढा वेळ शिडीवरची मुले अंधारात. विजेचेही तसेच. १२० व्होल्ट, २० अँपिअरच्या एका सर्किटवर २,४०० वॉट जातात, सलग वापराला त्याच्या ८० टक्के, १,९२० वॉट. कॉफीचे मोठे भांडे एकटे सुमारे १,५०० वॉट खाते. ते डीजेच्या सर्किटवर लागले की ऐन रंगात आलेले गाणे बंद पडते. डीजेला स्वतंत्र सर्किट हवे.

प्रवेशद्वार आणि फोटो

पैसे थोडे असतील तर ते दाराशी घालावेत. गणपतीचे मखर केलेल्याला हे समजावावे लागत नाही : नजर जिथे पहिल्यांदा ठरते तिथे काम दिसले की बाकीच्या मंडपाला लोक माफ करतात. विस्कॉन्सिन, नेब्रास्का अशा मध्य-पश्चिमेकडील राज्यांत अनेक गावांत ‘ग्रँड मार्च’ असतो. जोडपी एकेक करून कमानीखालून येतात, नावे पुकारली जातात, पालक बाकांवर बसून पाहतात. तिथे कमान हीच थीम. घेरदार गाऊनसह दोघे शेजारी चालू शकतील अशी किमान सहा फूट रुंदी ठेवावी आणि चाकाच्या खुर्चीला अडथळा होईल असा उंबरठा करू नये.

तयार मिळणारी कमान किंवा आयफेल टॉवर म्हणजे बहुधा नालीदार पुठ्ठ्याचा चपटा गठ्ठा असतो. तो जोडायला कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दमट हवेत पुठ्ठा मान टाकतो. पाठीमागे लाकडी पट्टी बांधावी.

फोटोच्या रांगेचे गणित कोणी करत नाही. १५० जोडप्यांना प्रत्येकी एक मिनिट म्हटले तरी अडीच तास, आणि समारंभ तीन-चार तासांचा. मित्रांचे घोळके वेगळेच. दोन पार्श्वभूमी ठेवाव्यात : एक जोडप्यांसाठी ८ फूट रुंद, दुसरी घोळक्यांसाठी बरीच मोठी.

अग्निशमन आणि इतर अडचणी

सजावटीचे कापड, कृत्रिम पाने, कागद यांना ज्वालारोधक असल्याचा दाखला मागितला जातो. अमेरिकेत त्यासाठी एनएफपीए (राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना) या संस्थेची ‘७०१’ ही चाचणी रूढ आहे. दुकानात घडीवर असलेली चिठ्ठी फाडून टाकू नये, तपासनीस तीच मागतो. बाहेर पडण्याच्या पाट्या झाकायच्या नाहीत, छतातल्या आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांना काही टांगायचे नाही आणि त्यांच्याखाली १८ इंच मोकळे सोडायचे. ‘मंतरलेल्या वना’साठी तोडून आणलेल्या फांद्या दोन दिवसांत वाळतात आणि सरपण होतात. धुराचे यंत्र धूरशोधकाला वाजवते. सगळे सभागृह रस्त्यावर, गाऊन सावरत.

‘मुखवटे’ थीममध्ये दारावर ओळख पटत नाही, म्हणून ओळखपत्र तपासल्यावरच आत मुखवटे वाटावेत. ‘हिमनगरी’तला खोटा बर्फ नाचाच्या फरशीवर घसरडा होतो. ‘कसिनो’ला धार्मिक शाळांत हरकत येते. चमकी आणि कागदी कपटे हॉटेलच्या गालिच्यातून निघत नाहीत आणि सफाईचे बिल वेगळे येते. करारातच त्यांना बहुधा मनाई असते. ११ इंची रबरी फुगा हेलियमने भरल्यावर साधारण १२ ते २० तास तरंगतो, त्यामुळे आदल्या रात्री भरलेले फुगे ऐन नाचाच्या वेळी गुडघ्यापर्यंत आलेले असतात. भरणे, गाठ, दोरी मिळून एका फुग्याला एक मिनिट लागते. ३०० फुग्यांना एका माणसाचे पाच तास. आणि ही कामे करणाऱ्या मुलींची केशरचनेची वेळ दुपारी दोनची असते. सजावट शुक्रवारी रात्री संपवून शनिवारी फक्त फुगे, फुले आणि दिव्यांची चाचणी ठेवावी.

उतरवणे

उतरवणाऱ्यांची यादी चढवणाऱ्यांच्या यादीसोबतच करावी, कारण रात्री अकरानंतर विद्यार्थी आफ्टर-प्रॉमला (प्रॉमनंतरच्या पार्टीला) किंवा घरी गेलेले असतात आणि मागे सल्लागार शिक्षक, दोन पालक आणि सफाई कामगार उरतात. जिमच्या लाकडी फरशीवर डक्ट टेप लावलेली असेल तर ती ओढताना वरचे पॉलिशही निघते. गॅफर (डिंक मागे न ठेवणारी कापडी) किंवा रंगाऱ्यांची टेप वापरलेली असावी. छताला जाऊन अडकलेले चकाकते फुगे त्याच रात्री उतरवावेत. किरण-पद्धतीचे (छताखालून आडवा किरण सोडणारे) धूरशोधक असलेल्या जिममध्ये असा एखादा फुगा खाली येताना किरणाआड आला की घंटा वाजू शकते, आणि ती सोमवारी सकाळी, पहिल्या तासाला वाजते.