मुलांमधला अंडरबाईट आणि त्याची लहान वयातली ट्रीटमेंट

तोंड मिटलं की वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या साधारण २-३ मिलिमीटर पुढे येतात आणि त्यांना थोडं झाकतात, हा नेहमीचा चावा. हेच उलटं झालं, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसले, की त्याला अंडरबाईट म्हणतात. डेंटिस्टच्या कागदावर तेच अँटेरिअर क्रॉसबाईट किंवा क्लास थ्री असं लिहिलेलं असतं. ही क्लास वन, टू, थ्री अशी विभागणी एडवर्ड अँगल या अमेरिकन डेंटिस्टने १८९९ मध्ये मांडली, पण तो बघत होता पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात ते, त्यामुळे नुसतं क्लास थ्री म्हटल्यावर नेमका कुठला जबडा चुकलाय हे कळत नाही, आणि ट्रीटमेंट तर सगळी त्यावरच ठरते.

दातांच्या बऱ्याचशा कामांत ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात आणि जबडे जागेवर आणणारे डेंटिस्ट, स्वतःच सांगतात की थांबा, सगळे कायमचे दात येऊ देत, मग तारा लावू. अंडरबाईट हा त्याला मोठा अपवाद. इथे काम सुरू होतं ते दुधाचे आणि कायमचे दात तोंडात एकत्र असतात त्या वयात, ढोबळमानाने ७ ते १० वर्षांत. कारण दोन जबड्यांचं घड्याळ वेगवेगळं चालतं. वरचा जबडा कवटीच्या बाकीच्या हाडांना सांध्यांनी जोडलेला असतो, हे सांधे लहानपणी बऱ्यापैकी मोकळे असतात आणि वय वाढेल तसे एकमेकांत दातेरी अडकत जातात, मग ओढलं तरी हाड हलत नाही, हलतात ते दात. खालच्या जबड्याचं उलट आहे. तो उंचीबरोबर वाढतो, वयात येताना जोरात वाढतो, मुलींचा साधारण १५-१६ पर्यंत आणि मुलांचा १८-२० पर्यंत, कधी त्याच्याही पुढे. म्हणजे वरच्याला पुढे आणायची संधी संपते आणि नेमकी त्यानंतर खालच्याची मोठी धाव सुरू होते. त्यामुळे हाडाचा अंडरबाईट वयाबरोबर आपोआप कमी होईल ही आशा सहसा फोल ठरते, तो वाढतोच.

पण प्रत्येक अंडरबाईट हाडाचा नसतो, आणि पालकांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. कधी फक्त एकदोन दात मागे उगवलेले असतात, दुधाचा दात वेळेवर पडला नाही किंवा त्याला लहानपणी मार लागला म्हणून खालून येणारा कायमचा दात टाळूच्या बाजूने निघाला, एवढंच. दुसरा प्रकार फसवा असतो: मूल तोंड मिटायला लागतं, पुढचे दात टोकाला टोक आपटतात, नीट चावता येत नाही म्हणून ते जबडा पुढे सरकवून दात बसवतं, आणि मग बघणाऱ्याला वाटतं हनुवटीच मोठी आहे. याला स्यूडो, म्हणजे खोटा, क्लास थ्री म्हणतात. ओळखायची रीत सोपी, डॉक्टर मुलाला सैल बसवून जबडा हळूच मागे नेतात, आणि दात टोकाला टोक भिडले की समजायचं सरकण्याचा भाग मोठा आहे आणि केस तुलनेने सोपी आहे. तिसरा प्रकार खरा हाडाचा.

हाडाच्या अंडरबाईटमध्ये सगळे दोष देतात खालच्या जबड्याला, कारण डोळ्यांना हनुवटी दिसते. प्रत्यक्षात खूप मुलांमध्ये वरचाच जबडा लहान किंवा मागे राहिलेला असतो, कधी दोन्ही गोष्टी एकत्र असतात. बाजूने बघितलं तर नाकाशेजारचा भाग सपाट, गालाचं हाड दबलेलं, वरचा ओठ आत गेल्यासारखा दिसतो. अशा मुलाला लहान वयातल्या ट्रीटमेंटचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण वरच्या जबड्याला पुढे आणायची साधनं आहेत आणि खालच्याला कायमचं रोखायचं साधन खरं तर कुणाकडेच नाही.

कारणांमध्ये घराण्याचा वारसा सगळ्यात वर. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा जबडा तर इतका प्रसिद्ध की त्याला हॅब्सबर्ग जबडा असं नावच पडलं, पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात लग्नं होत राहिली आणि स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१-१७००) याच्यापर्यंत येता येता ते प्रकरण टोकाला गेलं होतं. पूर्व आशियातल्या लोकांमध्ये क्लास थ्रीचं प्रमाण युरोपियन वंशाच्या लोकांपेक्षा जास्त दिसतं. याशिवाय जन्मतः टाळू दुभंगलेली असेल तर ऑपरेशननंतरच्या व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ अडते. काही सिंड्रोममध्ये, उदाहरणार्थ क्रूझॉन किंवा डाऊन, चेहऱ्याचा मधला भागच कमी वाढतो. टॉन्सिल वाढलेले, तोंडाने श्वास, जीभ सतत खाली पडलेली, याचाही हातभार लागतो असं मानतात, पण याच एका गोष्टीवर सगळं खापर फोडणं जरा जास्तच होतं. आणि हो, दीडदोन वर्षांचं बाळ नवे दात आले की गंमत म्हणून जबडा पुढे काढून बघत असतं, तेवढ्यावरून घाबरून जायचं काही कारण नाही.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स पहिली तपासणी ७ व्या वर्षापर्यंत करायला सांगते. त्या सुमाराला पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात, म्हणून चित्र स्पष्ट होतं. तपासणी म्हणजे लगेच ट्रीटमेंट असं नाही, बऱ्याच मुलांना नुसतं सहा महिन्यांनी परत या म्हणतात. बघतात काय, तर दातांचे साचे किंवा स्कॅन, फोटो, आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्सरे ज्याला सेफॅलोग्राम म्हणतात, त्याच्यावर कोन आणि अंतरं मोजून कुठला जबडा किती पुढेमागे आहे ते काढतात. चांगला डॉक्टर आईवडिलांच्या हनुवटीकडेही नीट बघून घेतो, आणि घरात कुणाचं जबड्याचं ऑपरेशन झालंय का हेही विचारतो.

एकदोन दातांचाच प्रश्न असेल तर काम छोटं असतं. काढता येणारी प्लेट, तिच्यात मागे एक बारीक स्प्रिंग जी दाताला पुढे ढकलते, आणि दाढांवर थोडी जाडी म्हणजे दात एकमेकांत अडकत नाहीत. किंवा पुढच्या चार दातांवर आणि दोन दाढांवर तात्पुरत्या तारा. नुकता उगवणारा एकच दात अडकलेला असेल तर कधी घसा बघायची लाकडी पट्टी त्या दातामागे तिरकी धरून चावायला लावूनही भागतं, अर्थात डॉक्टरने दाखवून दिल्याशिवाय घरी हा उद्योग करू नये. काही महिन्यांत चावा सुलटा होतो, आणि एकदा वरचा दात खालच्याच्या पुढे आला की खालचे दातच त्याला तिथे धरून ठेवतात. हे मात्र खरंच लवकर केलेलं बरं, कारण उलट चाव्यात पुढच्या दातांची धार घासली जाते आणि खालच्या दाताची हिरडी पुढून उतरायला लागते.

हाडाच्या केसमध्ये नेहमीची जोडी म्हणजे टाळूला बसवलेला एक्सपांडर आणि बाहेरून फेसमास्क. एक्सपांडरच्या मध्ये एक स्क्रू असतो, घरी पालकांनी किल्लीने फिरवायचा, एका वेळी पाव फेरी, तेवढ्यात साधारण पाव मिलिमीटर उघडतो. टाळू अरुंद असेल तर ती रुंद होतेच, शिवाय आजूबाजूचे सांधे सैल पडतात असा त्यामागे विचार आहे, जरी टाळू रुंद करायची गरज नसलेल्या मुलांत एक्सपांडरने मास्कचा परिणाम फारसा वाढतो का यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. फेसमास्क म्हणजे कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, दोघींना जोडणारी दांडी, आणि दांडीपासून तोंडातल्या हुकांपर्यंत रबर. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन वरचा जबडा पुढे आणि थोडा खाली ओढायचा, ही सगळी युक्ती. फ्रान्सच्या देलेअर यांनी ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केली. ओढ दर बाजूला ३०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास, रोज १२ ते १४ तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, आणि असं ९ महिने ते वर्षभर.

हे तास हाच सगळा खेळ आहे. शाळेत मास्क घालून जायचं नसतं हे मुलाला आधी सांगितलं की अर्धी भीती तिथेच जाते. हनुवटीवर लाल चट्टे येतात, गादीखाली मऊ कापड ठेवलं की बरं वाटतं, रबरं हरवतात, झोपेत मास्क निघून पडतो. तासांचा तक्ता करून भिंतीवर लावला तर बरीच मुलं तो मन लावून भरतात. मास्क घालायचाच नाही म्हणून मूल हटून बसलं असेल तर पूर्ण वर्ष भांडण्यात घालवण्यापेक्षा डॉक्टरशी बोलून थांबणं शहाणपणाचं.

आता यातून मिळतं काय ते नीट बघायला हवं, कारण जाहिरातीतल्या आधीचा आणि नंतरचा अशा दोन फोटोंतून ते कळत नाही. वरचा जबडा हाडासकट पुढे येतो तो दोनतीन मिलिमीटर. बाकीचा बदल येतो वरचे दात पुढे कलल्यामुळे, खालचे मागे कलल्यामुळे, आणि खालचा जबडा थोडा खाली-मागे फिरल्यामुळे. हे शेवटचं ज्या मुलाचा चेहरा आधीच लांबट आहे त्याला मानवत नाही, चेहरा अजून लांब होतो. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वर्षांच्या ७३ मुलांवर एक चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, एका गटाला फेसमास्क, दुसऱ्याला काही नाही. २०१६ मध्ये सहा वर्षांनंतरचे निकाल आले तेव्हा मास्क घातलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याचं ऑपरेशन लागेल असं तज्ज्ञांच्या पॅनेलला वाटलं, मास्क न घातलेल्यांपैकी ६६ टक्के. म्हणजे फरक मोठा आहे, पण मास्क घालूनही साधारण एक तृतीयांश मुलं ऑपरेशनच्या यादीत राहिलीच. आता लावलं की पुढे ऑपरेशन टळलंच असं छातीठोक सांगणाऱ्यावर म्हणून थोडा संशय घ्यावा, आणि आता नाही लावलं तर ऑपरेशन नक्की असं घाबरवणाऱ्यावर जास्त.

हनुवटीला मागे दाबणारा चिनकप त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकापासूनचा. घातलेला असेपर्यंत फरक दिसतो, काढल्यावर राहिलेली वाढ जबडा बरीचशी भरून काढतो, म्हणून आता तो कमी वापरतात. थोडं मोठं, ११-१२ वर्षांचं मूल असेल तर जबड्याच्या हाडात छोट्या पट्ट्या बसवून तोंडातल्या तोंडात रबर लावायची पद्धत आहे, बेल्जियमच्या ह्यूगो डी क्लर्क यांची. दात कलण्याचा प्रश्न त्यात कमी, आणि बाहेर काही दिसत नाही, पण पट्ट्या बसवायला आणि काढायला छोटं ऑपरेशन लागतं. तैवानच्या एरिक लिऊ यांनी एक्सपांडर एक आठवडा उघडायचा, एक आठवडा मिटायचा असं काही आठवडे करून सांधे सैल करायची पद्धत काढली, तीही बरेच जण मास्कच्या आधी वापरतात. जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा सुधारतो असे व्हिडिओ भरपूर फिरतात, त्याच्यामागे हाडाचा अंडरबाईट बरा होतो असा भक्कम पुरावा नाही.

मास्क काढताना चावा मुद्दाम जरुरीपेक्षा जास्त सुधारून ठेवतात, वरचे दात ३-४ मिलिमीटर पुढे, कारण पुढे काही मागे जाणार हे धरलेलंच असतं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नुसती नजर ठेवायची. वयात येताना खालचा जबडा सुटला तर पुन्हा अंडरबाईट होऊ शकतो, ते डॉक्टरचं किंवा मुलाचं अपयश नसतं. कायमचे दात आल्यावर बहुतेकांना एकदा पूर्ण तारा लागतातच, फरक थोडाच राहिला असेल तर त्यातच काम भागतं. जास्त असेल तर वाढ थांबेपर्यंत वाट बघून जबड्याचं ऑपरेशन, आणि वाढ थांबली की नाही हे वयावरून ठरवत नाहीत, सहा महिने ते वर्षाच्या अंतराने दोन सेफॅलोग्राम काढून एकावर एक ठेवतात, रेषा जुळल्या तरच तारीख देतात.