पार्श्वभूमी: गिटार कॅबसमोरचा माइक

गिटारच्या कॅबसमोर (स्पीकरच्या पेटीसमोर) कोणता माइक लावायचा, याचं उत्तर आज जवळपास पाठ झालेलं आहे: शुअर कंपनीचा एसएम ५७ लावा, बाकीचं नंतर बघू. उत्तर चुकीचं नाही, पण ते ठरलं कसं हे सांगणारे कमी भेटतात. हा माइक गिटारसाठी बनलाच नव्हता. १९६५ मध्ये तो बाजारात आला तेव्हा 'एसएम' म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, आणि स्टुडिओ म्हणजे मुख्यतः रेडिओ-टीव्हीचा. कॅमेऱ्यात चमकू नये म्हणून गडद, मंद रंग. निवेदकाच्या हातून चुकून बंद होऊ नये म्हणून स्विचच नाही. आतली युनिडाइन ३ कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) तर १९५९ पासून वापरात होती.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगून भागण्यासारखा आहे. तीस-चाळीसच्या दशकांत मोठ्या स्टुडिओंत रिबन माइकचं, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेल्या माइकचं, राज्य होतं. गिटारचा अँप छोटा, वादकाच्या खुर्चीजवळ ठेवलेला, आणि त्याचा आवाज बाकीच्या वाद्यांबरोबर खोलीतूनच उचलला जाई. १९४९ ला नॉयमनचा यू ४७ आला, १९६० ला यू ६७, आणि चांगला आवाज म्हणजे कंडेन्सर (विजेच्या भारावर चालणारा, नाजूक पडद्याचा माइक) हे समीकरण युरोपात पक्कं झालं. लंडनच्या एका बड्या स्टुडिओत माइक वाद्यापासून किती लांब हवा याचे नियम होते, विशेषतः ड्रमसाठी, कारण हवेच्या धक्क्याने महागड्या माइकचा पडदा खराब होईल ही भीती होती. १९६६ च्या आसपास तिथल्या तरुण इंजिनिअरांनी एका लाडक्या बँडसाठी तो नियम मोडला, आणि मग व्यवस्थापनाने त्या बँडपुरती सूट दिली. नियम करणाऱ्यांना आज हसलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. माइकची किंमत त्यांच्या वहीत लिहिलेली होती, गाण्यांचं पुढे काय होणार हे नव्हतं.

खरी उलथापालथ अँपने केली. शंभर वॅटचे अँप आणि बारा इंची चार स्पीकरचे बंद कॅब आले. स्पीकरच्या कोनपासून (कागदी शंकूपासून) दोन बोटांवर आवाजाची पातळी सहज १२० डेसिबलच्या वर जाते. यू ८७ या कंडेन्सरची सध्याची आवृत्ती १० डेसिबलचा पॅड (आवाज कमी करणारा स्विच) न लावता ११७ डेसिबलपर्यंतच साफ ऐकते, हे शेजारी ठेवून पाहा. ५७ सारख्या डायनॅमिक माइकला (चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या) असली काळजी नाही. मैफली मोठ्या होत गेल्या तसा कॅबचा आवाज पीएमधून (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरांतून) सोडावा लागला, आणि रोज पडत, घामाने भिजत, ट्रकमध्ये आदळत ५७ स्टेजवर टिकला. स्टेजवर हातात असलेला माइक स्टुडिओतही लावला गेला. झेनहायझरचा एमडी ४२१ (१९६०) त्याच सुमाराचा. त्याच्या तळाशी बास कमी करायची पाच टप्प्यांची चकती आहे आणि जाडजूड आवाजासाठी तो आजही पहिल्या दोन-तीन पसंतींत असतो. एमडी ४०९ चपटा, वायरने कॅबवर लोंबता सोडता येणारा. त्याचे वंशज ई ६०९ आणि ई ९०६ स्टँड कमी असलेल्या मंडळींना सोयीचे पडतात.

५७ ला गिटार मानवते याची कारणं साधी आहेत. बारा इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्या माइकचा तिथे फारसा उपयोग नाही. ५७ ची नोंदलेली मर्यादाच ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ आहे. ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला उंचवटा आहे, त्यामुळे तारेवरच्या पिकचा चावा पुढे येतो. खाली तो मुळातच बारीक आहे, पण कॅबच्या कापडाला टेकवला की जवळिकीमुळे बास फुगतो आणि ती उणीव भरून निघते. थोडक्यात, दोन सदोष वस्तू एकमेकींना सांभाळून घेतात. पुढची पन्नासेक वर्षं रॉक गिटार अशीच ऐकू आल्यामुळे कानांनाही 'गिटारचा खरा आवाज' म्हणजे हाच असं वाटू लागलं. कोणी सपाट, प्रामाणिक माइक लावला की निर्माता म्हणतो, काहीतरी कमी आहे.

माइक कुठला यापेक्षा तो कुठे हा प्रश्न मोठा, असं जुने इंजिनिअर म्हणतात आणि बरोबर म्हणतात. ग्रिलच्या कापडातून टॉर्च मारायचा, डस्टकॅपची (कोनच्या मध्यावरच्या टोपीची) गोल कड दिसली की तिथे चिकटपट्टीची खूण करायची. माइक डस्टकॅपच्या मध्यावर रोखला की आवाज कर्कश, कानाला बोचणारा. कडेवर आणला की बसतो. कोनवर आणखी बाहेर सरकवला की मऊ, मग मंद. कोणी हेडफोन घालून, अँपची नुसती खरखर ऐकत, माइक अर्ध्या बोटाने सरकवतं आणि खरखर जिथे सर्वांत भरीव वाटते तिथे थांबतं. इक्वलायझरला हात न लावता निम्मं काम तिथेच होतं. एकाच कॅबमधले चार स्पीकरही सारखे नसतात. कोणता निवडला हे लिहून ठेवलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच आवाज मिळत नाही.

इथवर वाद फारसा नव्हता. तो आला १९९८ नंतर, नव्या रिबन माइकबरोबर. जुने रिबन नाजूक. कॅबजवळ न्यायची हिंमत कोणी फारशी करत नसे. रॉयर कंपनीच्या आर-१२१ मध्ये सुमारे अडीच मायक्रॉनची ॲल्युमिनियमची पट्टी अशी बसवली की तो १३५ डेसिबलपर्यंत तग धरतो. आवाज गोलाई असलेला, वरची धार मवाळ, मध्यभाग भरघोस. लवकरच ५७ आणि १२१ ही जोडी एकाच स्पीकरवर लावायची पद्धत पडली: एकाकडून धार, दुसऱ्याकडून अंग. आज बऱ्याच महागड्या स्टुडिओंत ही जोडी कॅबसमोर आधीच उभी केलेली दिसते.

पण दोन माइक म्हणजे फेजचा (एकच आवाज दोन्हींत किंचित मागेपुढे पोचण्याचा) प्रश्न, आणि त्यावर लोक अजून भांडतात. हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन माइकच्या पडद्यांत ५ सेंटीमीटरचा फरक राहिला आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर ३,४०० हर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकाला खातो, म्हणजे नेमका गिटारचा चावा जातो. फरक अडीच सेंटीमीटर असेल तर खड्डा ६,८०० च्या पुढे सरकतो, जिथे गिटार स्पीकर जवळपास गप्पच असतो. ३० सेंटीमीटर असेल तर पहिला खड्डा ५७० हर्ट्झला, आणि मग वर एकापाठोपाठ एक. म्हणून माइकच्या जाळ्या समोरासमोर दिसतात तेवढ्याने भागत नाही; आत पडदा किती खोल आहे हे बघावं लागतं. त्यात रिबनची मागची बाजू उलट्या पोलॅरिटीची (लाटेचं वर-खाली उलटं करणारी) असते, आणि १२१ ची पट्टी मध्यावर नसल्यामुळे जवळून ती बाजू अधिक उजळ ऐकू येते. काही जण मुद्दाम मागूनच रेकॉर्ड करतात आणि पोलॅरिटी उलटवतात.

एक पंथ म्हणतो, खड्डे हाच तर आवाज. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या एका मेटल स्टुडिओतून नव्वदच्या दशकात आलेली पद्धत याचं उदाहरण: दोन ५७, एक सरळ डस्टकॅपवर, दुसरा त्याच ठिकाणी पण तिरका. तिरक्याचा वरचा भाग मंद, सरळचा धारदार, आणि मिसळताना जे घडतं तो या पद्धतीचा रंग. दुसरा पंथ म्हणतो, एक माइक नीट लावता येत नाही म्हणून दुसरा आणायचा, ही सवय वाईट. मी या दुसऱ्या बाजूला झुकतो हे लपवण्यात अर्थ नाही. दोन माइक रेकॉर्ड करायचे आणि मिक्सच्या वेळी एक काढून टाकायचा, हे मी फार वेळा पाहिलंय. तरीही ५७ ची धार आणि रिबनचं अंग नीट जुळून आलं की त्याला तोड नाही, हेही खरं. भांडण जुळवण्याच्या कष्टांवरून आहे, निकालावरून नाही.

रिबनबरोबर एक भीतीही परत आली, ४८ व्होल्टच्या फँटमची, म्हणजे कंडेन्सरसाठी केबलमधून पाठवलेल्या विजेची. नीट वायरिंगच्या केबलमधून साध्या रिबनला सहसा काही होत नाही. बिघडलेली केबल किंवा पॅचबेमध्ये (जोडण्यांच्या फळीत) चालू फँटमवर खुपसलेली पिन मात्र पट्टी ताणून टाकते. म्हणून आधी फँटम बंद, मग जोडणी, हा शिरस्ता.

मग इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर) आले. माइक, त्याची जागा, स्पीकर, सगळं गोठवून एका छोट्या फाइलमध्ये. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हे उचलून धरलं, आणि आपल्याकडे तर कारण उघड आहे: मुंबई-पुण्याच्या इमारतीत शंभर वॅटचा अँप त्याच्या योग्य पातळीवर वाजवायचा कुठे? रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे २००० सालचे नियम तर आहेतच, त्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत. अँपच्या मागे लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अँपची ताकद झेलणारा डबा), पुढे आयआर, आणि शेजाऱ्यांना फक्त तारांची टिकटिक.

गंमत म्हणजे आयआरच्या संग्रहांत फाइलींच्या नावांतही माइकचंच राज्य आहे: ५७, १२१, ४२१, मग अंतराचे इंच आणि माइकचा तिरकेपणा. बरेच जण ५७ आणि १२१ ची तयार मिसळ घेतात. त्यात फेज कोणीतरी आधीच जुळवलेली असते, पण स्पीकर जोरात ताणला गेल्यावर तो जो विकृत होतो, तो भाग एका स्थिर आयआरमध्ये येत नाही; ती फाइल फक्त रेषीय, म्हणजे आवाज वाढला तरी न बदलणारी, वागणूक पकडते. मंद आवाजात आणि फाडून वाजवताना माइकचा रंग तोच राहतो. खोलीत कॅब दणदणत असताना माइक सरकवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, बाकीच्यांना कळो न कळो.