समुद्रात पवनचक्की रोवण्याआधी

नाशिकहून सटाण्यामार्गे साक्रीकडे जाताना पठारावर पवनचक्क्या दिसतात. त्यांचा आकार किती असावा, हे पुष्कळदा वाऱ्याआधी रस्ताच ठरवतो, कारण पातं घेऊन येणारा लांबलचक ट्रेलर घाटातल्या वळणावर वळायला हवा. समुद्रात ही कटकट नाही. पाती बंदरातच जहाजावर चढतात, म्हणून तिथे शंभर मीटरहून लांब पाती आणि १५ मेगावॉटची यंत्रं आली आहेत. १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीला जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प सुरू झाला, तेव्हा ११ यंत्रं मिळून जेमतेम ५ मेगावॉट होत होते.

पण यंत्र उभं राहण्याआधीची काही वर्षं मोजमापातच जातात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग अंदाजापेक्षा दहा टक्के कमी निघाला, तर ऊर्जा पाव हिश्श्याहून जास्त घटते. अशा अंदाजावर कोणती बँक कर्ज देईल? म्हणून खंभातच्या आखातात, पिपावावजवळ २०१७ मध्ये समुद्रातल्या फलाटावर लायडार बसवला गेला. तो लेसरचे किरण वर सोडतो. हवेतल्या धूलिकणांवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदललेली असते आणि त्यावरून वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग कळतो.

मग तळ. साक्रीला पायाखाली काळा कातळ आहे, खंभातला मऊ गाळ आणि वर देशातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी. बोअर घेऊन मातीचे नमुने तपासल्यावरच यंत्राच्या पायाचा पोलादी नळा तळात किती खोल ठोकायचा ते ठरतं. ठोकताना पाण्यात प्रचंड आवाज होतो. जर्मनीच्या समुद्रात त्यासाठी नळ्याभोवती तळाशी भोकांची पाइप अंथरून हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा आवाज बराच अडवतो. पुढच्या यंत्राने पिळून घेतलेला वारा मागच्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून दोन यंत्रांत दीड-दोन किलोमीटर अंतर ठेवावं लागतं. त्यातच मासेमारीचे पट्टे आणि जहाजांच्या वाटाही सांभाळायच्या.

केंद्राने २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूतल्या एकूण १००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. मला मात्र पैशापेक्षा वेळापत्रकाची चिंता वाटते. पश्चिम किनाऱ्यावर वारा सर्वांत जोरात असतो तो पावसाळ्यात, आणि खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीची बोट नेता येत नाही ती तेव्हाच. जूनमध्ये बंद पडलेली चक्की कमाईचे महिने नुसती उभी राहू शकते. शिवाय आपल्या द्राक्षबागांचे पंप जोरात चालतात ते पाऊस सरल्यावर. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते: ढगांमुळे सौर वीज घटते, नेमका तेव्हाच हा वारा भरात असतो.