बीपी, मधुमेह असला म्हणून गर्भनिरोधक बंद?

‘बीपी किंवा मधुमेह असलेल्या बाईला कुठलंच गर्भनिरोधक चालत नाही’ हा फॉरवर्ड गोव्यात डिचोली-फोंड्याकडे वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. नेहमीच्या मिश्र, म्हणजे दोन हार्मोनच्या, गोळीत इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, रक्तात गुठळी होण्याचा धोकाही. म्हणून बीपीवालीला ती सहसा देत नाहीत. पण तांबीत, म्हणजे कॉपर-टीत, हार्मोनच नसतं. बीपी किंवा मधुमेह तिच्या आड येत नाही.

फार्मसीत गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचा: ‘एथिनिल एस्ट्राडिओल’ (हेच ते इस्ट्रोजेन) लिहिलंय का? असेल तर आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्या आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. फिट्सच्या, टीबीच्या काही औषधांनी गोळीचा परिणाम कमी होतो, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.